पडद्याच्या कडेचं अक्षर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्सच्या पेपरात मला १०० पैकी ३७ मार्क पडले. पासिंगला ४० लागायचे. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. मित्रांना सांगितलं, तपासणारा खडूस निघाला. दोन्ही थापा. पेपर सोपा होता, आणि तपासणाऱ्याने स्टेपचे मार्क सढळ हाताने दिले असणार, नाहीतर ३७ सुद्धा पडले नसते.

खरं काय झालं ते सांगायचं तर तासातासाचा हिशेब द्यावा लागतो. एका वाक्यात सांगितलं की लोक हसतात आणि विषय संपतो, म्हणून वीस वर्षं मी ते सांगायचं टाळलं. डिसेंबर २००५, पुणे, नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवरची कॉट बेसिसची खोली. वेळा थोड्या मागेपुढे झाल्या असतील. आकडे मात्र नक्की आहेत. चुकलेले आणि बरोबर, दोन्ही मला पाठ आहेत.

संध्याकाळी ६:०० (पेपरला १६ तास)

पी.एल. नावाची जी सुट्टी अभ्यासासाठी मिळते, ती मी बऱ्यापैकी झोपून काढली होती. आता कॉटवर तीन गोष्टी होत्या: अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं सेकंडहँड पुस्तक, सिनिअरच्या वहीची झेरॉक्स आणि गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पहिलं काम, ऑप्शनला काय टाकायचं ते ठरवणं. ट्रस टाकला. केबल टाकली. राहिलं ते बळांचा समतोल, घर्षण, प्रक्षेप्य, सरळ रेषेतली गती, टक्कर. म्हणजे अकरावी-बारावीचं फिजिक्सच, जरा जाड कपडे घातलेलं.

माझी अभ्यासाची पद्धत सांगतो, कारण सगळं त्यातूनच उगवलं. गणित वाचायचं, सोडवायचं, की लगेच पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचं. जुळलं तर बरोबरची खूण. नाही जुळलं तर कुठे चिन्ह पालटतंय का, कुठे दोनाने भागायचं राहिलंय का, असं करत करत ते जुळेपर्यंत ओढून आणायचं. मागच्या पानावरचं उत्तर म्हणजे न्यायाधीश. त्याच्यापुढे माझा स्वतःचा असा काही अंदाज नसे. असायला हवा, असंही कधी वाटलं नव्हतं.

रात्री ८:१५

डबा आला. वांग्याची भाजी, तीन पोळ्या, भात संपलेला. सोबतीला रूममेट. तो सांगली जिल्ह्यातला, म्हणून त्याला सगळे सांगलीकरच म्हणायचे. त्याचं वागणं माझ्या बरोब्बर उलट. गणित वाचलं की तो आधी आकृती काढायचा, मग पेन खाली ठेवून छताकडे बघत म्हणायचा, "पन्नासच्या आसपास येईल बघ." मग सोडवायचा. बऱ्याचदा अठ्ठेचाळीस-बावन्न यायचे.

मी एकदा त्याला विचारलं होतं, हे कशाला? तो म्हणाला, "आमच्यात उसाची ट्रॉली भरून कारखान्यावर नेली की काट्यावर चढवायच्या आधी वडील टनाचा आकडा बोलून दाखवतात. काट्याची पावती नंतर. आधीच आकडा मनात नसंल तर मग काटा म्हणंल ते खरं." मला तेव्हा हे सगळं गावठी वाटलं. माझ्याकडे सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता.

रात्री ९:३०

शिडीचं गणित. गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, जमिनीशी घर्षणांक ०.३, शिडी घसरू नये यासाठी कमीत कमी किती कोन हवा? भिंत नुसती आडवी ढकलते, जमीन वर उचलते आणि घर्षणाने धरून ठेवते. टोकाभोवती आघूर्ण घेतले की टॅनची किंमत एक भागिले ०.६ येते, म्हणजे १.६६७. कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन दाबला: ५९.०४. मागे उत्तर ५९ अंश. खूण.

ही नोंद एवढ्यासाठीच की रात्री साडेनऊला कॅल्क्युलेटर शहाणा होता. पडद्याच्या वरच्या कडेला मुंगीएवढं 'डी' हे रोमन अक्षर होतं. डी म्हणजे डिग्री. तो माझ्याकडे आल्यापासून ते अक्षर तिथेच होतं, आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

रात्री ११:१०

एक कण सरळ रेषेत फिरतो. त्याचं स्थान सेंटिमीटरमध्ये, ४ गुणिले कॉस ६टी. अर्ध्या सेकंदाला त्याचं स्थान, वेग आणि त्वरण काढा.

डेरिव्हेटिव्ह घ्यायचे, टी च्या जागी ०.५ घालायचा, संपलं. पाच मिनिटांचं गणित. मी कॉस ३ दाबलं आणि स्थान काढलं, ३.९९. वेग उणे १.२६. त्वरण उणे १४३.८. मागे पाहिलं: स्थान उणे ३.९६, वेग उणे ३.३९, त्वरण अधिक १४२.६.

आता ही गंमत पाहा. स्थानाचा आकडा जवळजवळ तोच, चिन्ह उलटं. त्वरणाचाही आकडा जवळजवळ तोच, चिन्ह उलटं. कोणालाही वाटेल की कुठेतरी एक उणे हरवलाय. मीही तो शोधायला निघालो. डेरिव्हेटिव्ह तीनदा केलं. कॉसचं डेरिव्हेटिव्ह उणे साइन, साइनचं अधिक कॉस, हे बारावीच्या क्लासमधल्या तालावर म्हणून पाहिलं. ३.९९ आणि ३.९६ मधला फरक मी पुस्तकवाल्याच्या राउंडिंगवर ढकलला. वेग तर मुळीच जुळत नव्हता, १.२६ कुठे आणि ३.३९ कुठे. तो मी छपाईची चूक म्हणून सोडून दिला.

तीनपैकी एक साक्षीदार स्पष्ट सांगत होता की गोष्ट चिन्हाची नाही. मी त्यालाच खोटं ठरवलं.

रात्री १२:०५

पंचावन्न मिनिटं गेल्यावर सांगलीकराने वही ओढून घेतली. वाचलं. मग कॅल्क्युलेटर हातात घेतला, पडदा तिरका करून ट्यूबलाइटखाली धरला आणि म्हणाला, "येड्या, डिग्रीत बसलायस."

मोडचं बटण दोनदा दाबलं. पडद्यावर तीन पर्याय आले. त्याने २ दाबला. 'डी' गेला, 'आर' आला.

कॉस ३. उणे ०.९८९९. चोख. तिन्ही उत्तरं दशांशापर्यंत जुळली.

त्यानं समजावलंही, आणि ते चांगलं समजावलं हे मान्य केलं पाहिजे. ६टी हा कोन अंशांत नाहीच. डेरिव्हेटिव्ह घेताना साइनचं थेट कॉस होतं, मध्ये कुठलाही फालतू गुणक येत नाही, ते फक्त रेडियनमध्ये. तीन अंश म्हणजे रेषेपासून जेमतेम सुटलेला कोन. तीन रेडियन म्हणजे जवळजवळ अर्धं वर्तुळ, कण पार पलीकडच्या टोकाला. म्हणून आकडा तोच, बाजू उलटी. "बघ की," तो म्हणाला, "गोष्ट समोर दिसतीय."

मला दिसली, आणि आनंद झाला. कॅल्क्युलेटर तसाच उशीजवळ ठेवला.

रात्री १२:२०

स्टोव्हवर चहा. तो उकळेपर्यंत एक विषयांतर, जे मला त्या रात्री माहीत नव्हतं.

रेडियन हा शब्द छापून आला तोच मुळी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत. ५ जून १८७३, बेलफास्टचं क्वीन्स कॉलेज, प्रश्न काढणारे जेम्स थॉमसन, लॉर्ड केल्विनचे थोरले भाऊ. म्हणजे या एककाचा जन्मच पोरांना घाम फोडायला झाला, असं मी आता कडवटपणे म्हणू शकतो. कल्पना अर्थात त्याच्या फार आधीची. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ज्यांची, म्हणजे साइनची, सारणी दिली. तिच्यातली सर्वांत मोठी ज्या ३४३८ आहे. वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला केल्या, तर त्रिज्या तेवढ्या कलांची भरते. त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच मापाने मोजायचे, ही रेडियनमागचीच युक्ती. त्याच सारणीतला पहिला कोन २२५ कलांचा, आणि त्याची ज्याही २२५. लहान कोनाची साइन म्हणजे तो कोनच, हे आपण लंबकाच्या प्रकरणात घोकतो, ते इथे पंधराशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलेलं आहे. अंशात मोजलं तर ही मौज हाती लागत नाही.

मोडच्या त्या यादीत तिसरा पर्यायही असतो, ग्रेडियनचा. काटकोनाचे शंभर भाग. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मेट्रिक मापं आली, त्यांच्या मागोमाग आलेलं हे माप. तो पर्याय चुकून लागलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला मिठी मारीन.

चहा झाला.

१:०० ते ४:३०

या साडेतीन तासांत मी पंचवीस-तीस गणितं सोडवली. एवढी एकाग्रता त्याआधी नाही, त्यानंतरही फारशी नाही. कोणालाही प्रश्न पडेल, आणि मला तर वर्षानुवर्षं पडला, की पंचवीस गणितांत 'आर' एकदाही कसा सापडला नाही?

उत्तर साधं आहे. ट्रक आणि मोटारीची टक्कर, एकमेकांत अडकून पुढे जातात: नुसता गुणाकार-भागाकार. स्प्रिंगवर पडलेलं वजन: वर्गसमीकरण. विहिरीत टाकलेला दगड आणि वर येणारा आवाज: पुन्हा वर्गसमीकरण. उतारांची गणितं होती, पण पुस्तकात उतार बहुधा ३, ४, ५ च्या त्रिकोणाचा असतो. साइन ०.६, कॉस ०.८, कॅल्क्युलेटरला हात कशाला? बाकीचे कोन ३०, ४५, ६०. त्यांचा तक्ता शाळेत असल्यापासून तोंडपाठ. पुस्तक लिहिणाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर दया करून सोपे कोन घेतले, आणि त्या दयेने माझा कॅल्क्युलेटर रात्रभर झाकून ठेवला.

प्रश्नपत्रिका काढणारे एवढे दयाळू नसतात.

पहाटे ४:४०

सांगलीकराच्या एम-एटीवरून नळस्टॉपला पोहे. थंडी अशी की प्लेट दोन्ही हातांत धरून आधी हात शेकायचे, मग खायचं. आजूबाजूला कानटोपी घातलेली, डोळे तांबारलेली आमच्यासारखीच पोरं. कोणी फॉर्म्युले बडबडतंय, कोणी कुठला प्रश्न नक्की येणार ते छातीठोक सांगतंय. मला त्या क्षणी खरोखर वाटलं की पेपर हातात आहे.

सकाळी ६:००

झोपलो.

सकाळी ८:२०

वाड्याच्या मालकीणबाईंनी कडी वाजवून उठवलं. काकू पेपरच्या दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर ठेवायच्या, मग भाडं थकलेलं का असेना.

सकाळी ८:४५

निघण्याआधी सगळं तपासलं, हे मी जरा अभिमानानेच सांगतो. हॉलतिकीट. आयकार्ड. दोन निळी पेनं, एक काळं. पेन्सिलीला टोक. पट्टी. कॅल्क्युलेटर चालू केला. दोन अधिक दोन दाबलं, चार आले. दोनाचं वर्गमूळ दाबलं, १.४१४ आलं. सेल ठणठणीत. बंद करून खिशात टाकला.

या तपासणीवर हसू येत असेल, तर एक दाखला देतो. अमेरिकेच्या नासाने ११ डिसेंबर १९९८ ला मंगळाचं हवामान पाहायला मार्स क्लायमेट ऑर्बिटर नावाचं यान सोडलं. नऊ महिने ते ठीक गेलं. मार्ग सुधारण्यासाठी छोटी इंजिनं जो धक्का द्यायची, त्याचे आकडे जमिनीवरचा एक संगणकप्रोग्राम पौंडांच्या मापात देत होता आणि दुसरा ते न्यूटनच्या मापातले समजून घेत होता. दर वेळी ४.४५ पटीचा फरक. यान मंगळापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास राहायचं होतं. नंतरच्या हिशेबानुसार ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरलं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला संपलं. तिथेही बेरीज चुकली नव्हती. बेरीज कशाची, तेवढंच चुकलं होतं. एका रेडियनमध्ये ५७.३ अंश असतात आणि यान ५७ किलोमीटरवर गेलं, हा निव्वळ योगायोग आहे. पण मी काही तो विसरत नाही.

दोन अधिक दोन अंशातही चार आणि रेडियनमध्येही चारच. साइन ३० दाबलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं.

सकाळी १०:००

पेपर हातात. वर नेहमीच्या सूचना. लॉग टेबल, स्लाइड रूल, कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी. आवश्यक तिथे योग्य ती माहिती गृहीत धरा. ही शेवटची सूचना लक्षात ठेवा.

पहिलाच प्रश्न डोळ्यांत भरला. एका कणाचं स्थान ३ गुणिले कॉस ८टी, ०.४ सेकंदाला स्थान, वेग, त्वरण काढा. सहा मार्क. रात्रीचाच सख्खा भाऊ. मी झरझर लिहिलं: स्थान उणे २.९९५ सेंटिमीटर, वेग अधिक १.४०, त्वरण अधिक १९१.७. उत्तरांना चौकट. उत्तरपत्रिकेचं पहिलं पान, सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही.

हे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

सकाळी १०:२०

२० अंशांच्या उतारावर ठोकळा, घर्षणांक ०.२५. सोडला तर किती त्वरणाने घसरेल?

सूत्र अचूक: ९.८१ गुणिले, साइन २० उणे पाव कॉस २०. कॅल्क्युलेटर म्हणाला साइन ०.९१३, कॉस ०.४०८. दोन्ही अधिक, दोन्ही एकपेक्षा कमी, वरवर पाहता सज्जन. त्वरण आलं ७.९६. मी चौकट काढली.

खरं उत्तर १.०५. वीस अंशांचा उतार म्हणजे पत्र्याच्या शेडचं छप्पर. त्यावर घर्षण असताना ठोकळा जवळपास मोकळा सोडल्यासारखा कोसळतोय, असं मी लिहून दिलं. सांगलीकर असता तर सूत्र मांडायच्या आधीच "एक-दीड" म्हणाला असता. माझ्या मनात काट्याआधीचा आकडा नव्हता. मागचं पानही नव्हतं.

सकाळी १०:५०

५०० न्यूटनचा दिवा दोन दोऱ्यांवर टांगलाय, एक आडव्याशी ४० अंश, दुसरी ६५. लामीचं प्रमेय. समोरचे कोन १५५, १३० आणि ७५. तिन्ही साइन उणे आल्या. क्षणभर थबकलो. मग लक्षात आलं की भागाकारात उणेला उणे जातो, आणि सुटकेचा श्वास सोडला. ताण ११२६ आणि ११९९ न्यूटन.

बरोबर उत्तरं २१९ आणि ३९७. माझे ताण खरे मानले, तर त्या दोऱ्या दिव्याला १८०० न्यूटनच्या वर बळाने उचलतायत. दिवा टांगलेला नाही. तो छत फोडून निघालाय.

सकाळी ११:१५

आता मुख्य पराक्रम. ४० मीटर प्रति सेकंद वेगाने २५ अंशांत गोळा मारला. किती उंच जाईल, किती लांब पडेल?

चाळीस म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, चांगल्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू. माझ्या उत्तरपत्रिकेत तो १.४३ मीटर उंच गेला, म्हणजे छातीएवढा. आणि पल्ला आला उणे ४२.८ मीटर. गोळा मारणाऱ्याच्या पाठीमागे पडला.

इथे थांबायला हवं होतं. कोणीही थांबलं असतं. पण रात्रीचा धडा ताजा होता: उणे आलं म्हणून घाबरायचं नाही, कॉस ३ सुद्धा उणेच होता आणि तोच बरोबर निघाला. कॅल्क्युलेटरवर शंका घेणारा मी रात्री मूर्ख ठरलो होतो. सकाळी पुन्हा ठरायची तयारी नव्हती. मग वर छापलेली सूचना आठवली, योग्य ती माहिती गृहीत धरा. मी शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'उजवीकडची दिशा ऋण मानली आहे.' आणि ४२.८ ला चौकट मारली.

खरा पल्ला १२४.९ मीटर, उंची साडेचौदा. तपासणाऱ्याने ते वाक्य वाचलं असेल तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे.

११:४५ ते १२:४५

टक्कर, स्प्रिंग, विहीर. सगळं बरोबर. पुरवणी मागितली, दोऱ्याने बांधली. आत्मविश्वास कळसाला. शेजारच्या बाकावरचा मुलगा डोकं धरून बसला होता, त्याची कीव आली.

दुपारी १२:४८ (१२ मिनिटं)

शेवटचा उपप्रश्न, चार मार्कांचा. दीड मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २०० न्यूटनचं बळ, ३० अंशांत. आघूर्ण काढा.

२०० गुणिले दीड गुणिले अर्धा, दीडशे. हे शाळेतलं पोरगंही तोंडी सांगेल. पण तीन तासांच्या सवयीने बोटं आपसूक कॅल्क्युलेटरवर गेली. २०० गुणिले १.५ गुणिले साइन ३०.

उणे २९६.४.

पुन्हा दाबलं. उणे २९६.४. मग नुसतं साइन ३०. उणे ०.९८८.

अर्धा यायला हवा होता. जगात काहीही बदललं तरी तीस अंशांची साइन अर्धी असते. मी कॅल्क्युलेटर हळूच तिरका धरला, अगदी सांगलीकराने धरला होता तसा. वरच्या कडेला 'आर'.

पोटात खड्डा पडतो म्हणतात, तो मला तेव्हा शरीरशास्त्राच्या अर्थाने कळला. मोड, मोड, १. 'डी' परत आला.

दुपारी १२:५०

डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: रेडियनने घात केला, रेडियनमधलं सगळं बदलायचं. पहिल्यापासून. म्हणजे पहिल्या पानापासून.

पहिलं पान उघडलं. ३ कॉस ८टी. कॉस ३.२ दाबलं. अधिक ०.९९८४. स्थान अधिक २.९९५. म्हणजे आकडा तंतोतंत तोच, फक्त उणे जास्तीचा! किती सोपी दुरुस्ती, मी मनात म्हटलं. उणे खोडला. त्वरणाच्या १९१.७ मागे एक उणे लावला. वेग १.४० होता तो खोडून उणे १.३४ केला. तिन्ही चौकटी नव्याने काढल्या, पट्टी लावून.

दुपारी १२:५४

उताराचं गणित. नव्या किमती घालून अर्धी ओळ लिहिली आणि पेनमधली शाई अडकली. दुसरं पेन काढेपर्यंत सुपरवायझर मॅडम पहिल्या रांगेपासून पुरवण्या मोजत यायला लागल्या.

दुपारी १२:५८

दिव्याचा एक ताण बदलला, २१९. दुसरा राहिला, ११९९. एकाच दिव्याला दोन वेगवेगळ्या जगांतल्या दोऱ्या.

गोळ्याच्या पानापर्यंत पोचलोच नाही. तो अजून मागेच पडलेला आहे.

दुपारी १:००

घंटा. मॅडमनी पेपर ओढून घेतला.

दुपारी १:०७

जिन्यात तोबा गर्दी. सांगलीकर दुसऱ्या वर्गातून उतरला, हातात डबा, चेहरा निवांत. पेपर सोपा होता म्हणाला. मग काहीतरी आठवल्यासारखं त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कॉस ८टी वाल्याला रेडियन ठेवलंस ना? रात्रीचंच गणित होतं. तेवढ्यात गंडतात लोकं."

"ठेवलं होतं," मी म्हणालो.